दुकानदाराने १८ पाकिटं परत केली, धंदा वाढवू की ओळखीपुरताच ठेवू?

रामबागची_ताई
नमस्कार मंडळी, इंदूरला रामबागेत राहते, तीन वर्षं झाली घरूनच शेव चकली चिवडा करून विकते. आत्तापर्यंत सगळं ओळखीत चालायचं, या वर्षी पहिल्यांदा दोन दुकानांत माल ठेवला आणि जुलैत एकाने शेवेची १८ पाकिटं परत पाठवली, म्हणे वास येतोय. उघडून बघितली तर खरंच खवट. दोन रात्री झोप नाही मला. आमचे हे म्हणतात दुकानांचं बंद कर, कशाला डोक्याला ताप. सगळीकडे ऐकते की अडचणीला घाबरू नका, अडचणच माणसाला मोठं करते, पण म्हणजे नक्की करायचं काय हो? सोमवारी सकाळी उठून काय करू ते सांगा.

मल्हारगंज_नमकीन
ताई आधी त्या दुकानदाराला फोन करा आणि मनापासून आभार माना, कारण बाकीचे गिऱ्हाईक काही बोलत नाहीत, गुपचूप दुसऱ्याची शेव घ्यायला लागतात. मग १८ पाकिटं समोर मांडा. कोणत्या तारखेची, कोणत्या घाण्याची? मऊ पडलीय की खवट झालीय हे दोन वेगळे रोग आहेत. मऊ पडली तर गरम माल पॅक झाला किंवा सील नीट नाही. खवट म्हणजे तेलाचा प्रश्न, हवा ऊन आणि उष्णता तिघं मिळून तेल खराब करतात. तेच तेल किती वेळा तापवता? एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे २०१८ पासून, तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून साचणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, मोजायचं मीटर मिळतं. पारदर्शक पाकीट असेल तर आतून चंदेरी असलेलं घ्या. आणि यापुढे प्रत्येक घाण्याचं एक पाकीट तारीख टाकून घरी ठेवा, दर आठवड्याला फोडून चाखा, म्हणजे दुकानदाराच्या आधी तुम्हाला कळेल.

गॅरेजवाला_परदेशीपुरा
माझे वडील मिलमध्ये मागावर होते, सूत तुटलं की माग थांबायचा हे लहानपणापासून ऐकलेलं. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये जो माग काढला तो सूत तुटताच आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जाऊ नये, आणि पुढे टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला चूक दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा दिली ती याच विचारातून. मला हे फार उशिरा समजलं. गॅरेजमध्ये गाडी परत आली की मी पोरांवर ओरडायचो, मग पोरं चूक लपवायला लागली, ढिला नट तसाच बाहेर जायचा, एकदा एका गिऱ्हाइकाचा ब्रेक लागला नाही, थोडक्यात वाचला बिचारा. त्या दिवसापासून वही ठेवली, परत आलेली प्रत्येक गाडी लिहायची, कोणी केली ते नाही लिहायचं, का आली ते लिहायचं. आता पोरं स्वतः येऊन सांगतात. ताई तुमच्या मदतीच्या बायकांना विचारा, त्यांना वास आधीच आला असेल, बोलायची भीती वाटली असेल.

हिशोबाची_वही
वरचं सगळं बरोबर पण सगळ्याच अडचणी जवळ करू नका. आपल्या इंदूरने कचऱ्याचं काय केलं? आधी घरातच ओला सुका वेगळा केला, मग ओल्यातून सीएनजी निघाला, रोज ५५० टनांचा प्लांट २०२२ पासून देवगुराडियाला चालू आहे. सगळं एकत्र असतं तर काहीच निघालं नसतं. तसंच तुमचं. खवट शेव शिकवते, तिच्यामागे लागा. पण दुकानदार तीन तीन महिने उधारी थकवत असेल तर त्यातून शिकण्यासारखं काही नाही, माल बंद करा.

रामबागची_ताई
सगळ्यांचे खूप आभार. पाकिटं मांडली, १८ पैकी १४ एकाच दिवसाची निघाली. त्या दिवशी आदल्या दिवशीच्या चकलीचं तेल गाळून वापरलं होतं. मदतीला येणाऱ्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, ताई मला तेव्हाच वास आला होता पण तुम्ही घाईत होता. वाईट वाटलं खूप, माझ्याच घरात मला कोणी सांगू शकलं नाही. दुकानदारांशी बोलले, पाकिटं बाहेर उन्हात टांगत होते तेही कळलं, आता आत ठेवतील. सोमवारी नवीन तेलात दहाच किलो शेव करतेय, कढईजवळ मावशी उभ्या राहणार आणि त्या म्हणाल्या थांबा की गॅस बंद.