पोटऱ्यांची गोष्ट राहिलीच

बॉडीबिल्डर आणि नट अर्नोल्ड श्वार्झनेगरबद्दल कुणी म्हणतं, ‘अर्नोल्डला देवाने शरीर दिलं, बाकी सगळं नशीब’; हे मला अजिबात पटत नाही. १९७० च्या पहिल्या सिनेमात त्याचे उच्चार चालेनात म्हणून दुसऱ्याचा आवाज घातला होता, आणि खरं नाव झालं ते १९८२ मध्ये, ‘कोनन द बार्बेरियन’ या सिनेमामुळे. मधल्या काळात तो मित्र फ्रँको कोलंबूबरोबर विटांच्या बांधकामाची कामं घ्यायचा, पैसे घरांत गुंतवायचा. पोटाची चिंता नव्हती, म्हणून फालतू भूमिकांना नाही म्हणू शकला.

आणि शरीराचं म्हणाल तर पोटऱ्या त्याच्या कच्च्याच होत्या. त्यानेच सांगितलंय, विजारीचे पाय गुडघ्याखाली कापून टाकले, कमजोरी रोज चारचौघांना दिसावी म्हणून. हे मी म्हापशाच्या जिममध्ये एकोणिसाव्या वर्षी ऐकलं. तेव्हा मी मे महिन्याच्या उकाड्यातही पायघोळ ट्रॅकपँट घालायचो, कारण पाय काटकुळे. त्याच रात्री आईच्या शिवणाच्या कात्रीने पँट कापली. दुसऱ्या दिवशी आरशाकडे बघवेना. मग रोज जिमच्या मागच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली, वर-खाली, शेवटी पोटऱ्या थरथरायला लागायच्या. घरी जाताना स्कूटरला किक मारायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागायची. दोन वर्षांनी आमच्या सरांनी नव्या पोरांना माझ्या पोटऱ्या दाखवल्या. ती कापलेली पँट अजून माझ्या कपाटात आहे.