पिकअपवर मुक्कामाचा संसार थाटायचाय, आधी काय बसवू?

घाटवाट (चिंचवड)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात २०१८ ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप सेकंडहँड घेतली. फोर बाय फोर, ८२ हजार किलोमीटर झालेली. आम्ही तिघं: मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. बेत असा की डिसेंबरात कच्छ, जूनअखेर स्पिती आणि मधल्या शनिवार-रविवारी वेल्हे-भोरकडे कुठेतरी मुक्काम. हॉटेल नको. गाडीपाशीच रांधायचं, तिथेच झोपायचं.

बजेट तीन लाख. यादी अशी झाली आहे: हौद्यावर लोखंडी कॅनॉपी (बंदिस्त छत), टपावरचा तंबू, हौद्यात दोन मोठे ड्रॉवर, पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), स्नॉर्केल (खोल पाण्यातही इंजिनाला हवा देणारी उंच नळी), डिझेलचे दोन जेरीकॅन, ६० लिटरची पाण्याची टाकी, ४५ लिटरचा फ्रिज आणि त्यासाठी दुसरी बॅटरी. गाडी मागून बसेल म्हणून मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) वाढवून घ्या असं गॅरेजवाला म्हणतोय. बायको म्हणते, मग टेम्पोच का नाही घेतलास?

यातलं आधी काय, नंतर काय? अनुभवी लोकांनी सांगा.

चिखल्या (भोर)

स्नॉर्केल लावून नक्की कुठल्या नदीत उतरणार आहात, तेवढं कळवा. बघायला येतो.

गंमत सोडा. आमच्याकडे पावसाळ्यात गाडी पाण्याने अडत नाही, चिखलाने अडते. टायरच्या खाचा भरल्या की चाकाचा लाडू होतो, मग फोर बाय फोर असून चारही लाडू जागेवर फिरतात. खाचा रिकाम्या करणारे ऑल-टेरेन टायर घ्या. आणि ज्या गावाच्या हद्दीत शिरताय तिथल्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर आधी घ्या. विंचपेक्षा स्वस्त पडतो, वर चहाही मिळतो.

कराडकर_काका

तुमची यादी वाचली आणि मला माझीच २०१९ सालची आठवली. फरक एवढाच की माझ्यात फ्रिज नव्हता.

आमच्या घरी वडिलांपासून ऊसवाहतुकीचे ट्रक. पाटे, यू-बोल्ट, फाळका (हौद्याचं मागचं दार) हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकलो. तरी स्वतःच्या पिकअपला मी तेच केलं जे परक्याच्या ट्रकला करू दिलं नसतं. दोन मिलीमीटर पत्र्याचे ड्रॉवर, अँगलची चौकट, वर लोखंडी कॅनॉपी, तिच्यावर तंबू. पाण्याची टाकी ८० लिटरची, तीही पार मागे फाळक्याला टेकवून, कारण नळ तिथे सोयीचा. गाडी मागून बसली. मग दोन पाटे वाढवले. गाडी ताठ उभी राहिली आणि मी खूश.

स्पितीच्या वाटेवर ग्राम्फूवरून बातलकडे जाताना छोटा दराच्या अलीकडे एका नाल्यातल्या गोट्यांवरून चाललो होतो. वेग असेल दहाचा. मागून ‘टण्ण’ असा आवाज आला. मला वाटलं दगड उडाला. पन्नास पावलांवर गाडी डावीकडे कलली. उतरून वाकून पाहिलं तर डाव्या बाजूचा मेन पाटा ॲक्सलच्या पुढे वीतभर अंतरावर दोन तुकडे. बायको खाली उतरून एका दगडावर बसली आणि काहीही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात मला त्या न बोलण्याचा अर्थ कळतो.

तासाभराने कुल्लूचा एक ट्रकवाला आला. त्याने जॅकवर चासी उचलली, ॲक्सल आणि चासीच्या मध्ये लाकडी ठोकळा घातला, साखळीने आवळला, वर सायकलची ट्यूब गुंडाळली. पैसे घेईना. शेंगदाण्याच्या चटणीची बरणी मात्र हसत घेतली. त्या ठोकळ्यावर आम्ही कुंझुमची खिंड चढून उतरलो आणि स्पितीतल्या काझ्याला पोचलो, चालत गेलो असतो तर जरा उशिरा पोचलो असतो इतकंच. पाटा मिळेपर्यंत तिथे चार दिवस.

परत आल्यावर सीझन सुरू झाला तेव्हा भरलेली गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर घातली. काट्यावरचा पोरगा म्हणाला, “काका, ऊस कुठाय?” आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा ३१० किलो जास्त. आणि त्यातला बहुतेक बोजा मागच्या ॲक्सलच्याही मागे.

आता यातलं इंगित सांगतो. पाटे वाढवले की गाडीची वजन पेलायची क्षमता वाढली असं वाटतं. तसं नसतं. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, चासी तीच. पाटे वाढवून वजन कमी झालं नाही, फक्त डोळ्यांना दिसेनासं झालं. आधी गाडी बसलेली दिसत होती, म्हणजे ती बिचारी सांगत तरी होती. वर पाट्यांचा जुडगा इतका कडक झाला की लवायचा तो लवेना, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका एकाच ठिकाणी बसत राहिला. मागे टांगलेलं वजन तर तराजूच्या दांडीसारखं काम करतं: ॲक्सलपासून जितकं लांब, तितका त्याचा जोर जास्त, आणि तेवढीच पुढची चाकं हलकी. घाटात स्टिअरिंग हलकं लागायला लागलं होतं. मी त्याला ‘स्मूथ’ म्हणत होतो.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी हे करा. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि कमाल भरलेलं वजन. वजाबाकी करा. त्यातून तुम्ही तिघं वजा करा. उरेल तो आकडा बघून बसायला खुर्ची जवळ ठेवा. मग गाडी काट्यावर न्या, आधी पूर्ण आणि नंतर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

तुमच्या यादीबद्दल. जेरीकॅन कशाला? तुमची टाकी ७६ लिटरची आहे. दहाचा ॲव्हरेज धरला तरी साडेसातशे किलोमीटर, आणि काझ्याला पंप आहे. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ असा बोर्ड आहे, त्याचे फोटो बघून लोक घाबरतात. तो टप्पाही तुमच्या टाकीत दोनदा बसतो. टपावरचा तंबू साठ किलोच्या आसपास जातो, तोही गाडीच्या डोक्यावर, म्हणजे आडव्या उतारावर गाडी झोकांडी खाते. शिवाय सकाळी दूध आणायला जायचं तर घर मोडून बरोबर न्यायचं. जमिनीवरचा चांगला तंबू सहा-सात किलोत येतो. लोखंडी कॅनॉपीऐवजी फायबरची बघा, नाहीतर पाइपांची हलकी चौकट आणि जाड ताडपत्री. ड्रॉवर नकोतच, झाकणाचे प्लास्टिकचे खोके पट्ट्यांनी बांधा. पाणी एका टाकीत न भरता वीस लिटरचे दोन कॅन, कॅबच्या भिंतीला टेकवून.

हौद्यात झोपायचा विचार असेल तर एकदा आडवे होऊन बघा. डबल कॅबचा हौदा दीड मीटरचा. फाळका उघडल्याशिवाय माझे पाय सरळ होत नाहीत, आणि मी पाच फूट सात.

पैसे कुठे घालायचे? टायर. हवेचा पंप आणि भरवशाचा गेज. चांगल्या पट्ट्या. एवढंच. आणि मूळ पाटे तपासून, बुश बदलून घ्या, वाढवू नका.

समुद्रकाठ (रत्नागिरी)

काकांनी गाडीचं सांगितलं, मी मुलीचं सांगते. माझी मुलगा-मुलगी दोघं नऊच्या आतली असताना आम्ही बोलेरो कॅम्परने स्पिती केलं.

मनालीहून जाऊ नका, निदान जाताना तरी. मनाली साधारण दोन हजार मीटरवर, चंद्रताल सव्वाचार हजारांच्या पुढे. एका दिवसात तिथे जाऊन झोपलात तर मोठ्यांचं डोकं धरतं आणि मुलं नीट सांगूही शकत नाहीत, नुसती किरकिर करतात नि जेवत नाहीत. शिमल्याहून किन्नौरमार्गे चढा: सराहन, कल्पा, नाको, ताबो, मग काझा. मुक्काम हळूहळू वर सरकतो. चंद्रताल शेवटी ठेवा. तिथे तलावाकाठी तंबू लावायला बंदी आहे, कॅम्प अलीकडे दोन-तीन किलोमीटरवर असतात.

थंडी वाजली म्हणून बंद कॅनॉपीत किंवा तंबूत शेगडी, कोळसा, गॅस काहीही पेटवून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, झोपेतच माणूस जातो. यावर चर्चा नाही.

आणि पुरुषमंडळींच्या यादीत कधीच नसणारी गोष्ट: आडोसा. चार बांबू, एक गडद कापड, झाकणाची बादली, खड्डा खणायला छोटं फावडं. आठशे रुपयांत होतं. तुमच्या टेम्पो म्हणणाऱ्या बायकोला विंचपेक्षा याचं कौतुक जास्त वाटेल.

इकडे सह्याद्रीत वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नका. आम्ही कुणाच्या तरी शेतात, विचारून राहतो. जाताना पाटीभर आंबे दिले की पुढच्या वर्षी तेच फोन करतात.

गांधीधामवाला

मी मूळ जळगावचा, नोकरीनिमित्त कच्छमध्ये. रणाबद्दल एकच. पांढरं दिसतं ते वरचं मिठाचं कवच, खाली ओला गाळ. डिसेंबरात वरून कडक वाटतं, गाडी पन्नास फूट जाते आणि मग पोटावर बसते. तिथे ना झाड ना खडक, विंच कशाला अडकवणार? मळलेली चाकोरी सोडू नका. धोरडोकडच्या पांढऱ्या रणासाठी परमिट लागतं, भिरंडियाराला मिळतं. धोलावीराचा रस्ता मात्र डांबरी आणि सुंदर, दोन्ही बाजूंना रण.

पर्थचा_पक्या

इथे ऑस्ट्रेलियात पिकअपला यूट म्हणतात आणि काकांनी सांगितलेली गोष्ट इथे नेहमीची आहे. मागे जड सामान, त्यात मागच्या पाट्यांना मदत म्हणून हवेच्या पिशव्या, आणि खडबडीत रस्ता. पिशवी चासीला एकाच जागी रेटते आणि कॅबच्या मागे चासी चक्क वाकते. असे फोटो इथे ढिगाने फिरतात. इथे कमाल वजन वाढवायची अधिकृत पद्धत आहे, तपासणी होते, प्लेट बदलून मिळते. भारतात हौशी बदलांना तशी वाट नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर दिलेला निकाल वाचा: कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. विंचसाठी पुढे लोखंडी बंपर लावाल तर तो २०१७ पासून बंदी असलेल्या क्रॅश गार्डमध्ये मोडेल, आणि एअरबॅगचं गणित बिघडेल ते वेगळंच.

टायरमधल्या हवेचं माझं गणित (पीएसआयमध्ये): डांबरावर ३५, इथल्या गिब रिव्हर रोडसारख्या, पन्हाळी पत्र्यासारख्या खडबडीत कच्च्या रस्त्यावर २६, वाळूत १८. मागे भार असेल तर मागच्या चाकांत दोन-चार जास्त. हवा कमी केली की वेगही कमी, आणि डांबर लागलं की आधी हवा भरायची.

अजून एक. गाडी ओढायला मागच्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा कधीच अडकवू नका. तो तुटून गोळीसारखा येतो, माणसं मेलेली आहेत.

घाटवाट (चिंचवड)

सगळ्यांचे आभार. काल चाकणच्या एका काट्यावर जाऊन आलो. अजून काहीही बसवलेलं नाही, फक्त आम्ही तिघं, भरलेली टाकी आणि सासूबाईंनी दिलेलं पोतंभर तांदूळ. वजाबाकी करून बघितली आणि काका, खुर्ची खरंच लागली.

लोखंडी कॅनॉपी, टपावरचा तंबू, विंच, स्नॉर्केल, जेरीकॅन, ड्रॉवर कटाप. गॅरेजवाल्याला पाट्याचं नको म्हणालो, तो नाराज झाला. आडोशाचं कापड बायकोने कालच आणलं.

फ्रिजवर मात्र घरात एकमत नाही. ४५ लिटरचा फ्रिज आणि १०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी झेपेल का? आणि ताडपत्री लावली तर धूळ आत येते का?

कराडकर_काका

बॅटरीचं माझा भाचा बघतो, त्याला विचारलं. तो म्हणतो असा फ्रिज दिवसाला साधारण ३० ते ४० एएच खातो, म्हणजे गाडी दोन दिवस उभी राहिली तरी चालेल. पण फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, आणि शून्याखालच्या थंडीत लिथियम चार्ज करायची नाही, म्हणून ती कॅबमध्ये सीटमागे ठेवा. फ्रिज, बॅटरी, तारा मिळून चाळीस किलो धरा. मुलीच्या दुधासाठी हवा असेल तर घ्या. आम्ही दुधात भिजवलेल्या दशम्या, चटणी, मेतकूट आणि लोणच्यावर पहिले चार दिवस काढतो, पुढे जिथे जाऊ तिथलं खातो. थुक्प्याला (तिकडच्या शेवयांच्या सूपला) माझ्या बायकोने मेतकूट लावून पाहिलंय. वाईट नाही लागत.

धूळ येते आणि भरपूर येते. समोरून नाही, मागून. गाडी पळते तेव्हा मागे पोकळी होते आणि फाळक्याच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. फाळक्याच्या तिन्ही कडांना दाराचं रबर बीडिंग चिकटवा, खालची बिजागरीकडची फट विसरू नका, सगळी तिथूनच येते. ताडपत्रीला पुढच्या बाजूने, कॅबच्या वर, एक छोटी खिडकी ठेवा म्हणजे आत थोडी हवा दाबून राहील. आणि तांदूळ उतरवा हो गाडीतून.