उतार कापण्याआधी थोडं थांबा

उतारावर खोल्या बांधायच्या तर उतार कापून सपाट जोतं करावं आणि भोवती हिरवळ लावावी, असं सुचवलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. उतार कापला की आत झिरपलेलं पाणी त्या कापातून बाहेर पडतं. कापाला आधार देणाऱ्या संरक्षक भिंतीला निचऱ्याची भोकं नसतील तर तिच्यामागे पाण्याचा दाब साठत जातो. त्यापेक्षा खोल्या खांबांवर उचला, पाणी खालून वाहू द्या.

खांबांसाठी खणताना वरचा वीतभर मातीचा थर मात्र वेगळा काढून ठेवा, खालच्या मुरुमात मिसळू देऊ नका. तिथल्या गवताचं, रानफुलांचं बी त्यातच असतं. काम संपल्यावर तोच थर परत पसरला की बरंचसं आपोआप उगवतं. रोपं आणायचीच झाली तर त्याच परिसरातल्या, साधारण त्याच उंचीवरच्या बियांपासून केलेली आणा.