मदत हवी आहे : स्कॅन केलेली मराठी पुस्तकं स्क्रीन रीडरला वाचता यावीत म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी, फोंड्याजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात दृष्टिहीन वाचक येतात, त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलाय, फुकट आहे आणि मराठीही वाचतो, पण आमची जुनी पुस्तकं सगळी स्कॅन करून पीडीएफ केलेली, म्हणजे नुसते पानांचे फोटो, तिथे तो गप्पच बसतो. टेसरॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरने ओसीआर (म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर) करून बघितलं तर जोडाक्षरं आणि रफार जाम चुकतात, एकेक पान तपासायला माणसं कुठून आणायची? कॉपीराइटचं टेन्शन नाही, २०१२ च्या दुरुस्तीनंतर नफा न घेता अपंग वाचकांसाठी अशी प्रत करता येते. मराठीसाठी याहून बरं ओसीआर कुणी वापरलंय का? आणि सुगम्य पुस्तकालयात (दृष्टिहीन वाचकांसाठीची ऑनलाइन लायब्ररी) आमच्या वाचकांची नोंदणी कशी करायची, कुणी केली असेल तर प्लीज सांगा, चवथीच्या आधी सुरू करायचंय.