आईच्या डोळ्याची शीर ब्लॉक झालीये, ऑपरेशनने मोकळी होते का?

गिरगावकर:
आई ६४ वर्षांची, बीपी जुनं. अचानक उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, आम्हाला वाटलं मोतीबिंदू असेल, तर डॉक्टर म्हणाले पडद्याची मुख्य शीर ब्लॉक झालीये, सीआरव्हीओ. ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमधे) पडद्याला सूज आली, म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सांगितलंय. पहिलं झालं पण आई दुसऱ्याला तयारच नाही. त्यात मामा म्हणतो हार्टचं ब्लॉकेज काढतात तसं याचंही ऑपरेशन असतं, मुंबईत कोणीतरी करत असेलच. खरंय का?

ऑप्टो_मुलुंड:
रेटिना क्लिनिकमधे काम करतो म्हणून सांगतो, मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. मुख्य शीर ऑप्टिक नर्व्हबरोबर (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) एका टणक अरुंद कड्यातून बाहेर पडते, ते कडं कापून शिरेवरचा दाब कमी करायचा असं ऑपरेशन २००१ मधे ओप्रेमकाक वगैरे डॉक्टरांनी मांडलं होतं. मुख्य शिरेऐवजी तिची फांदी ब्लॉक असेल तर तिच्यावरून जाणारी धमनी सोडवून वेगळी करायचे, ते त्याच्याही आधीचं. शिरेत सुई घालून गुठळी विरघळवायचं औषध सोडूनही बघितलंय. पण फायदा नीट सिद्ध झाला नाही आणि नर्व्हलाच धक्का लागून बाजूची नजर जायची भीती, त्यामुळे इंजेक्शनं आल्यावर हे सगळं मागे पडलं. हार्टसारखा स्टेंट तर शक्यच नाही हो, पडद्यावरच्या मोठ्या शिरासुद्धा मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढ्या असतात.

मीनल_बोरिवली:
माझ्या सासऱ्यांना फांदीचा ब्लॉक होता. तेही आधी खूप घाबरलेले, पण थेंब टाकून डोळा बधिर करतात, सुई जाताना नुसता दाब जाणवतो म्हणाले. आईंना हे आधीच सांगून न्या. खर्चाचं टेन्शन असेल तर डॉक्टरांना बेव्हासिझुमॅब या इंजेक्शनबद्दल स्पष्ट विचारा, ते बरंच स्वस्त पडतं. स्टिरॉइडचं इम्प्लांटही असतं, काही महिने काम करतं पण त्याने डोळ्याचं प्रेशर आणि मोतीबिंदू वाढू शकतो.

गिरगावकर:
थँक्स दोघांना. म्हणजे ऑपरेशन कधीच लागत नाही?

ऑप्टो_मुलुंड:
लागतं, पण शीर उघडायला नाही. डोळ्यात रक्त उतरलं आणि ते विरलंच नाही किंवा पडदा ओढला जायला लागला तर व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेलसारखा भाग काढायचं ऑपरेशन) करतात. तुमच्या केसमधे मला जास्त काळजी काचबिंदूची वाटते, रक्तपुरवठा फार कमी झाला तर पहिल्या काही महिन्यांत बुबुळावर नको त्या नवीन रक्तवाहिन्या उगवतात आणि डोळ्याचं प्रेशर एकदम चढतं. म्हणून तपासणी चुकवू नका, बरं वाटलं तरी. डोळा लाल होऊन दुखायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा, रात्र असेल तर सरळ जेजे किंवा केईएमची इमर्जन्सी गाठा. आणि फिजिशियनकडून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या, दुसरा डोळा चांगला आहे तो तसाच राहायला हवा.