मदत हवी आहे: एस्प्रेसोसाठी दोन क्लिकच्या मधलं दळण कसं साधायचं?

पंपाचं साधं एस्प्रेसो मशीन, ५१ मिमीची बास्केट म्हणजे पूड भरायची जाळी (प्रेशराइज्ड, म्हणजे स्वतःच दाब वाढवणारी नाही), क्लिकवाला हँड ग्राइंडर, म्हणजे दळण ठरावीक टप्प्यांनीच जाड-बारीक होतं. बिया चिकमगळूरच्या अरेबिका, मीडियम रोस्ट, भाजून दोनेक आठवडे झालेल्या. १६ ग्रॅम पुडीतून ३२ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत काढायची आहे.

अडचण अशी की एका क्लिकवर सगळं १५ सेकंदांत धो धो खाली येतं, आंबट आणि पाणचट. एकच क्लिक बारीक केलं की मशीन नुसतं कण्हतं, आधी थेंब थेंब आणि मग एकदम कडेने धार. ही कॉफी एकाच घोटात आंबटही लागते आणि कडूजहरही! नंतर पुडीच्या चकतीत कडेला टाचणीएवढं भोक दिसतं.

पूड काट्यावर तोलते, सुईने गुठळ्या मोडते, टॅम्पही (पूड दाबणं) सपाट असतो. मशीन चांगलं तापवून घेते. इलेक्ट्रिक ग्राइंडर सध्या बजेटबाहेर आहे, आणि तयार पूड कृपया सुचवू नका, त्यात चिकोरी नसली तरी दळण बहुतेकदा फिल्टर कॉफीचंच असतं.

तर जाड क्लिकवरच राहून पूड १७ ग्रॅम करावी, की बारीक क्लिकवर १५ ग्रॅमला यावं? मीडियम रोस्टला यातलं काय मानवतं?