मदत हवी आहे: रंकाळ्याच्या फेऱ्या चालू, वजन मात्र तिथंच
वय ४६, दिवसभर बसून काम. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलंय, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ मधलं). डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आधी खाणं-चालणं सुधारा.

दीड महिना पहाटे रंकाळ्यावर पाऊण तास चालतोय. वजन ८३ वरनं ८२, बास! परतताना गंगावेशीत म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला होतो, फेसासकट. बायको म्हणते, "चालून घालवता आणि पेल्यातनं परत भरता."

भात सोडून ज्वारीची भाकरी धरलीय, पण एका वेळी तीन जातात. रविवारचा तांबडा-पांढरा सुटणार नाही, आधीच सांगतो.

भाकऱ्या किती ठेवू? गुडघा कुरकुरतोय, मग बैठकांऐवजी काय करू? ज्यांचा आकडा खरंच खाली आलाय, त्यांनी सांगा.